आण्णांचं एक नंबर बेट

जगातला कुठलाही समुद्रकिनारा आण्णा आधी अंगठ्यानं दाबून बघतात. बाकीचे लोक बसमधून उतरल्या उतरल्या फोटो काढतात, चपला हातात घेऊन पाण्याकडं पळतात. आण्णा खाली वाकतात, चिमूटभर वाळू डाव्या तळहातावर घेतात, उजव्या अंगठ्यानं चुरडतात, उन्हात धरून रंग बघतात आणि मग सगळ्यांदेखत त्यातली जराशी जिभेवर ठेवतात. थायलंडमध्ये किनाऱ्यावरच्या एका गार्डनं हे बघून त्यांना पाण्याची बाटली आणि केळं आणून दिलं होतं. म्हातारा उपाशी आहे असं वाटलं असणार त्याला.

"कनी बगाय लागती," आण्णा म्हणतात. "कनी चांगली, तर माल चांगला."

हे आण्णा म्हणजे नेमगोंडा मगदूम. वय सत्त्याहत्तर. कोल्हापूरच्या गूळ मार्केटात चाळीस वर्षं त्यांची अडत होती. गुऱ्हाळावरून आलेला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडायचा, दाबायचा, रंग बघायचा, चाखायचा आणि सौद्यात चार लोकांपुढं सांगायचं, एक नंबर का दोन नंबर. एवढी वर्षं ज्यानं हेच केलं त्याला बालीत नेऊन सोडला तरी तो हेच करणार. देश बदलतो, अंगठा तोच असतो.

मी त्यांना ओळखते ती शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसमुळं. परदेशी सहली नेणाऱ्या एका कंपनीची ही छोटी शाखा. दोन टेबलं, एक पंखा, भिंतीवर नारळाच्या झाडांचं पोस्टर. फॉर्म, व्हिसा, तिकिटं, सगळं मी बघते. माझं शिक्षण बी.कॉम., फर्स्ट क्लास. हे मी मुद्दाम सांगते आणि सांगताना आवाज कमी करत नाही, कारण आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. वडील इचलकरंजीला यंत्रमागावर होते.

पहिल्या भेटीत आण्णांनी फॉर्म भरायच्या आधी मलाच विचारलं, "शाळा किती झालीया?"

"बी.कॉम., फर्स्ट क्लास."

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "काय बी.कॉम., जेवलीस काय?" "बी.कॉम., तेवढं पंखा वाढीव." मला वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय. एकदा तोंडावर बोलायचं ठरवलंही होतं. त्याच दिवशी एका नव्या गिऱ्हाइकाला त्यांनी माझ्या टेबलाकडं बोट दाखवून सांगितलं, "तिला इचारा. बी.कॉम. हाय. फष्ट क्लास. न्हाय येत म्हननार न्हाय." मग माझं बोलायचं राहून गेलं.

चार वर्षांपूर्वी काकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, गेल्या. मुलगा बंगळूरला, मुलगी हुबळीला. अडत भाच्याकडं दिलेली. काकी गेल्यावर सहा महिन्यांनी आण्णा आमच्या काउंटरपुढं येऊन उभे राहिले आणि दुकानात धोतरजोडी मागावी तसे म्हणाले, "लांबचं एखादं दाखव."

"कुठलं दाखवू?"

"लांबचं. डोंगर नको, गुडघं गेल्यात. समुद्र असू दे."

तेव्हापासून दर वर्षी एक बेट. परत आले की दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आमच्याकडं येणार, पंख्याखालच्या खुर्चीत बसणार आणि निकाल सांगणार. मी हातातलं काम ठेवायचं अशी पद्धत पडून गेली होती.

"श्रीलंका दोन नंबर. माल बरा हाय, पर वलसर."

"फुकेत नापास."

मी म्हटलं, "आण्णा, फुकेत नापास कसं? निम्मं जग तिथं जातंय. फोटो बघा, पाणी कसलं निळं आहे."

"फोटोत गूळबी चांगलाच दिसतोय, बी.कॉम. तोंडात टाकल्याबिगर कळत न्हाय."

कुणी मालदीवचे फोटो दाखवले तर ते लांबूनच मान हलवायचे. "एवढी पांढरी वाळू? पावडर मारलीया." गुळाला रंग यावा म्हणून काही लोक त्यात पावडर मारतात, त्या गुळाला आण्णा हयातभर हात लावत नव्हते. देवानं बेटावरही तीच लबाडी केली असेल अशी त्यांना शंका.

आणि बाली. बालीला त्या पाच दिवसांत पावसानं डोकं वर काढू दिलं नव्हतं. ग्रुपमधल्या एका बाईंनी मला फोनवर असं झापलं की पाऊस जणू मीच बुक केला होता. आण्णा मात्र दुसऱ्या दिवशी अकराला खुर्चीत बसून म्हणाले, "बाली एक नंबर. असला माल वर्सातनं एकदा येतोय बाजारात."

"अहो, पण पाऊस होता. किनारा तरी बघितला का?"

"न्हाय."

"मग कणी कशी कळली?"

"कळती," ते म्हणाले आणि पोस्टरवरच्या नारळांकडं बघत बसले.

मी मनात म्हटलं, वय झालं.

दुसरं त्यांचं माप म्हणजे सूर्य. आण्णा जैन आहेत, दिवस बुडायच्या आत जेवतात. त्यामुळं कुठल्या देशात सूर्य किती वाजता मावळतो हे त्यांना तोंडपाठ. "श्रीलंकेचा सूर्य भरवशाचा न्हाय, सवासहालाच दुकान बंद करतोय. फुकेतचा जरा धीराचा." टूरवाल्यांचं रात्रीचं जेवण आठला. मग आण्णा पाचलाच हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहणार. भाषा येत नाही. हातानं आधी सूर्य दाखवायचा, मग तोंड दाखवायचं. एवढं सगळ्या देशांतल्या आचाऱ्यांना कळतं म्हणे. कांदा, लसूण, बटाटा नको हे सांगायला त्यांनी कागदावर चित्रं काढून वर फुल्या मारून नेली होती. बालीच्या आचाऱ्यानं बटाट्याचं चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि अंडं उकडून आणून दिलं.

"मग काय केलंत?" मी घाबरून विचारलं.

"खोलीतल्या पार्टनरला दिलं. त्यो म्हनला, आमी खातो. मी खिडकीकडं त्वांड करून बसलो, त्येनं खाल्लं."

ऑफिसमध्ये आण्णा बसलेले असले की गिऱ्हाइकं माझ्याऐवजी त्यांनाच विचारायची. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-नारळाचं दुकान असलेल्या घरातला मुलगा एकदा नव्या नवरीला घेऊन आला. बाली का फुकेत, यावर दोघांचं आठ दिवस चाललेलं होतं.

"आण्णा, तुमी दोन्ही बगितलंय म्हनं. कुठलं चांगलं?"

"दोगं जानार?"

"व्हय की. लगीन झालंय न्हवं."

"मग पावणं, कुठंबी जावा. दोगं असला की पन्हाळ्याला गेला तरी एक नंबर."

"पन्हाळा दुकानातनं दिसतोय की आण्णा. रोज काय बगायचा त्यो."

मुलगी तोंडाला पदर लावून हसत होती. मी आण्णांकडं डोळे वटारले. लोकांना पन्हाळ्याला पाठवून आमच्या ऑफिसचा पंखा फिरत नाही. शेवटी त्यांनी बाली घेतलं, पण आण्णांनी त्यात काही मदत केली असं मी म्हणणार नाही.

त्यांचा आणखी एक प्रश्न होता. नवी टूर दाखवली की लोक हॉटेल विचारतात, जेवण विचारतात. आण्णा विचारायचे, "सोबत कोन हाय?"

हे जरा समजावून सांगते. ग्रुपमध्ये एकटा आलेला माणूस असला की त्याला दुसऱ्या एकट्या माणसाबरोबर एका खोलीत घालतात. पुरुष पुरुषाबरोबर, बाई बाईबरोबर. दोन पलंग, दोन अनोळखी माणसं, पाच-सहा दिवस. कुणाला हे नको असेल तर जास्त भरून एकट्याची खोली मिळते. आण्णांची ऐपत अख्खा मजला घ्यायची, पण ते प्रत्येक वेळी पार्टनरच घ्यायचे. मला वाटायचं, अडत्याचा हात. सुटता सुटत नाही.

इथं माझ्याकडून चूक झाली आणि ती मी सगळं चांगलंच करायला गेले म्हणून झाली.

आम्ही इचलकरंजीला दोन खोल्यांत आठ माणसं राहायचो. भिंतीच्या पलीकडं मागाची शेड. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा झोपायचे, म्हणून आम्ही भावंडं अभ्यासाला जिन्यात. मी अकाउंट्सचे पेपर त्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय आखडून वाट देत तयार केले. नोकरी लागल्यावर राजारामपुरीत एक खोली भाड्यानं घेतली तेव्हा माझं वय चोवीस. पहिल्या दिवशी मी आतून कडी लावली, खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले. कुणाला लागले नाहीत. खूप वेळ तशीच उभी होते. एकट्याची खोली, आतून कडी, यापेक्षा मोठं सुख असू शकतं असं मला त्या दिवशी वाटलं नाही आणि पुढंही बरीच वर्षं वाटलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आण्णांनी मॉरिशस घेतलं.

"तितं ऊस हाय म्हनं?"

"बेटभर ऊसच आहे, आण्णा."

"गूळ करत्यात?"

"साखर करतात."

"मग चुकत्यात," ते म्हणाले, पण तोंडावरून खूश दिसत होते. निघायच्या आधी दोनदा येऊन विचारून गेले, सोबत कोण आहे. मी नुसतं हसले. कारण त्या हॉटेलात ग्रुपमागं एक खोली हॉटेलवाले आपल्याकडून वरच्या दर्जाची देतात आणि ती कुणाला द्यायची हे कंपनी ठरवते. मी हेड ऑफिसशी दोन दिवस भांडून ती खोली आण्णांसाठी मिळवली होती. वेगळी, समुद्राला लागून, पुढं पडवी. एकट्याची. त्यांना आधी सांगायचं नाही, तिथं गेल्यावरच कळू दे, असं मी टूर मॅनेजरला बजावलं होतं. मला त्या आठवड्यात फार थोर काम केल्यासारखं वाटत होतं.

आण्णा परत आले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले, बारा वाजले, खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशी मीच फोन केला.

"आण्णा, मॉरिशसचा निकाल?"

"नापास," ते म्हणाले. "ठेवतो, दूधवाला आलाय."

दुपारचे अडीच वाजले होते. अडीचला कुठला दूधवाला?

दीड महिना ते ऑफिसकडं फिरकले नाहीत. खरं सांगायचं तर मला रागच आला होता. उसाचं बेट गुळाच्या माणसाला आवडत नाही, आणि मी भांडून मिळवलेल्या खोलीबद्दल एक शब्द नाही. मी आधी सूर्याला दोष दिला. त्या दिवसांत मॉरिशसचा सूर्य सहाच्या आत मावळतो, म्हातारा उपाशी राहिला असेल. टूर मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, रोज साडेचारला पानावर बसवत होतो. शेवटी ग्रुप फोटो द्यायचं निमित्त केलं आणि एका दुपारी चारच्या सुमारास मी त्यांच्या घरी गेले.

घर मार्केट यार्डाजवळ. दोन मजली, काळ्या दगडाचा चौथरा. फाटकातच भांडणाचा आवाज ऐकू आला. एक बाई कानडीत कुणाला तरी फाडून खात होती आणि दुसरीकडून मराठी बातम्या चालू होत्या. मला वाटलं, पाहुणे आलेत. आत गेले तर माणूस एकच. दोन खोल्यांत दोन टीव्ही लावून आण्णा मधल्या सोप्यात बसले होते.

"दोन-दोन टीव्ही कशाला, आण्णा?"

"बातम्या ऐकायच्या आस्त्यात. आनि कानडीत भांडनं चांगली करत्यात. हितनं दोन्ही ऐकू येतंय."

त्यांनी स्वतः चहा केला. भडंग काढलं, बिनलसणाचं. मी फोटो पुढं केला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि खाली ठेवला. मला धीर नाही. मी सरळ विचारलं, "आण्णा, मॉरिशस नापास का? ऊस होता, जेवण वेळेत होतं. खोली तर मी मुद्दाम तुम्हाला एकट्याला घेऊन दिली होती."

"तू दिलतीस व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं, सोबत येनारा आजारी पडला. पयल्या दिशी वाट बगत बसलो त्येची. मॅनेजरला इचारलं, त्यो म्हनला, सगळी तुमचीच हाय, मजा करा."

"मग?"

"मग काय? एकटी खोली हितं हाय की. नऊ हायत्या. इमानात बसून धावी खोली बगाय कशाला जायाचं?"

पलीकडं कानडी बाई अजून ओरडत होती. त्यांनी उठून तिचा आवाज कमी केला आणि परत येऊन बसले.

"हिला एक खोड हुती," ते म्हणाले. हिला म्हणजे काकींना. "दिवा घालवला की दोन मिन्टानं इचारायची, झोपलासा काय? झोपलो असलो तरी उठवून इचारायची. सौद्याला पहाटं उठायचं असायचं मला. चव्वेचाळीस वर्सं कावलो हिच्यावर, एकदा नीट झोपू दे म्हनून." त्यांनी भडंगाची ताटली माझ्याकडं सरकवली. "आता कोन उठवत न्हाय. झोपबी लागत न्हाय. खा तू."

मी खाल्लं.

जाताना त्यांनी पासपोर्ट माझ्या हातात दिला. "ह्येचं बग जरा. पोरगा म्हनतोय, आता नवा काढायचा न्हाय. गुडघं, बीपी. बरोबरच हाय त्येचं."

मी तारीख बघितली. मुदत संपायला आठ महिने. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट अशी आहे की निदान सहा महिने मुदत शिल्लक असल्याशिवाय बहुतेक देश आत घेत नाहीत. म्हणजे आण्णांच्या हातात दोन महिने आणि एकच टूर.

"अजून एक होईल, आण्णा. कुठं जायचं?"

"कुठंबी."

"तरी?"

"कुठंबी गं. पर खोली तेवढी एकटी देऊ नको."

ऑफिसमध्ये येऊन मी यादी काढली. त्या दोन महिन्यांत समुद्राकडं जाणारी एकच टूर होती. मलेशियाकडची, लंकावी बेट, पाच रात्री. बेचाळीस लोक, सगळे जोडीनं नाही तर कुटुंबासकट. एकटा पुरुष कुणीच नाही. आण्णांचं नाव घातलं की कॉम्प्युटर आपोआप एकट्याची खोली दाखवायचा. मी तीनदा काढून घातलं, तीनदा तेच.

मग मी जुन्या टूरच्या खोल्यांच्या याद्या उघडल्या. विचार असा की पूर्वी एकटे येऊन गेलेल्यांपैकी कुणी परत येतं का बघावं. त्यात आण्णांच्या चारही टूर होत्या. श्रीलंका, म्हणजे दोन नंबर. पार्टनर सोलापूरचा एक तरुण, लग्न ठरलेला. फोन केला तर म्हणाला, "ते आजोबा ना? चांगले होते. मीच सारखा बाहेर गॅलरीत फोनवर असायचो." फुकेत, नापास. पार्टनर ठाण्याचे एक निवृत्त इंजिनियर. ते म्हणाले, "अतिशय शांत गृहस्थ. मला झोपेत आवाज चालत नाही, मी कानात बोळे घालतो. काहीतरी विचारायचे ते रात्री, मी सकाळी विचारलं की म्हणायचे, काही नाही."

मी फोन ठेवला आणि बालीची यादी पुढं ओढली. मॉरिशसच्या यादीत पार्टनरची जागा कोरी होती. ती कोरी मीच ठेवली होती.

बालीचे पार्टनर उदगीरचे सूर्यवंशी मास्तर. भूगोल शिकवायचे.

"आण्णा?" ते फोनवर म्हणाले. "कोल्हापूरचे, गुळाचे? कसे आहेत ते? अहो, पाच दिवस पाऊस. खोलीच्या बाहेर पाय टाकता आला नाही. मी त्यांना मोसमी वारे सांगितले, ज्वालामुखी सांगितले, बेटं कशी तयार होतात ते सांगितलं. निवृत्त झाल्यापासून माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. मुलगी म्हणते, बाबा पुरे. हा माणूस अंधारात विचारायचा, मास्तर, झोपलासा काय? पुढचं सांगा की."

मी लंकावीचं सांगितलं. तारखा सांगितल्या. हेही सांगितलं की ही आण्णांची शेवटची टूर आहे. उगाच लपवून काय करायचं.

मास्तरांनी तारखा परत विचारून लिहून घेतल्या. "मुलीला विचारून पाच मिनिटांत फोन करतो," म्हणाले.

तीनच मिनिटांत आला. "विचारलं नाही. नाव घाला."

संध्याकाळी मी आण्णांना कळवलं. नेहमीचा प्रश्न आला, सोबत कोण आहे.

"सूर्यवंशी मास्तर."

पलीकडं कानडी टीव्ही बंद झाला. मग मराठी बातम्याही.

"उदगीरचं?"

"हो."

"ते येनार म्हनलं? सोता म्हनलं?"

"स्वतः म्हणाले. मुलीला न विचारता."

"असू दे, असू दे," आण्णा म्हणाले, आणि मग फोन ठेवता ठेवता, "कुठं जायाचं म्हनलीस?"

टूर गेली. ग्रुपमधल्या लोकांचे फोन येत होते, बॅग उशिरा आली, नाश्त्याला पोहे नाहीत. आण्णांचा नाही. पाचव्या दिवशी, शेवटच्या रात्रीच्या आधी, सकाळी अकराच्या सुमारास माझा फोन वाजला. मी एका गिऱ्हाइकाला थांबायला सांगून बाहेर पायरीवर आले.

"बी.कॉम., कामात हाईस?"

"नाही, बोला. समुद्र कसा आहे?"

"हाय की. खिडकीतनं दिसतोय."

"किनाऱ्यावर गेला नाहीत अजून?"

"ह्येंचं संपंना. भरती-ओहोटी चाललीया कालपासनं." मागून मास्तरांचं काहीतरी चालू होतं, तोंडात घास असावा. "मी काय म्हनतो. ह्येच्यात एक रात वाढवून मिळंल काय?"

मी पायरीवर बसले. परतीचं विमान सगळ्यांचं एक, हॉटेल चव्वेचाळीसजणांचं एकत्र घेतलेलं, दोघांना वेगळं ठेवायचं तर नवी तिकिटं, आणि दोन्ही घरच्या मुलांना कळवायचं. मी पायरीवरच हेड ऑफिसला दुसऱ्या फोनवरून विचारून बघितलं. आण्णा तोवर थांबून होते. हेड ऑफिसच्या मुलीनं जे उत्तर दिलं ते तिच्या जागी असते तर मीही दिलं असतं.

"ग्रुप टूर वाढत नसते, आण्णा," मी म्हटलं. "उद्या सकाळी नऊला बस आहे."

"व्हय, म्हाईत हाय," ते म्हणाले. "इचारलं आपलं."